मुलांचा पियानो आणि आपलं घड्याळ

गेल्या महिन्यात नऊ वर्षांची एक मुलगी आईबरोबर दवाखान्यात आली. तक्रार पोटदुखीची. दर गुरुवारी संध्याकाळी पोट दुखायचं आणि शुक्रवारी सकाळी मुलगी ठणठणीत! पोट तपासलं, काहीही सापडलं नाही. औषध लिहिण्याआधी सहज विचारलं, "गुरुवारी काय असतं गं?" आईकडे बघत ती म्हणाली, "पियानोचा क्लास." मग हळूच मनगट पुढे केलं. "काका, इथेपण दुखतं. आई म्हणते, सवय होईल."

कोलशेत रोडला पूर्वी कारखाने होते, आता टॉवर आहेत आणि त्यांतल्या कितीतरी घरांत मुलं कीबोर्ड किंवा पियानो शिकतात. ट्रिनिटीच्या ग्रेड परीक्षा देतात. मला याचं कौतुकच आहे. पण घरी सराव करून घेताना आपण पालक मुलाच्या हातांकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त बघतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

"सवय होईल" हे दुखण्याच्या बाबतीत खरं नाही. बोटं वाकवणारे आणि सरळ करणारे मोठे स्नायू कोपर ते मनगट या भागात असतात. त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटातल्या अरुंद जागेतून बोटांपर्यंत जातात. मनगट वाकडं ठेवून, खांदे आवळून तीच ओळ पन्नास वेळा वाजवली की या कंडरांवर ताण येतो. थोडं थांबल्यावर जातो तो थकवा. दुसऱ्या दिवशीही राहिलेलं दुखणं, मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर वाजवणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमान याचा उजवा हात विशीतच बिघडला आणि पियानोवादक होण्याचं स्वप्न तिथेच संपलं. बोटं बळकट करायला त्याने एक यंत्र वापरलं होतं. नेमका आजार कोणता, यावर डॉक्टर अजून वाद घालतात. याच शुमानने 1848 मध्ये, मोठी मुलगी सात वर्षांची होताना, मुलांसाठी छोट्या छोट्या रचनांचा संग्रह लिहिला. आजही शिकणारी मुलं त्या वाजवतात.

मी त्या आईला घरच्या सरावाचा फोटो पाठवायला सांगितलं. फोटोतच निदान होतं! कीबोर्ड डायनिंग टेबलावर. पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून साधारण 72-73 सेंटिमीटरवर असतात. टेबलच 75 च्या आसपास, त्यावर कीबोर्डची जाडी. मुलीचे खांदे कानाला टेकायचे बाकी होते आणि पाय हवेत लोंबकळत होते. उपाय साधा आहे. कीबोर्ड उंची बदलणाऱ्या स्टँडवर घ्या. बसल्यावर कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा किंचित वर येईल इतकी घट्ट उशी खुर्चीवर ठेवा. पाय टेकायला पाट किंवा स्टूल द्या. आपल्याकडे पाटाला तोटा नाही.

शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून मुलांना हेडफोन लावले जातात. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी आठवड्याला 40 तासांपर्यंत 75 डेसिबल ही मर्यादा सांगते. घरी डेसिबल कोण मोजणार? हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात हाक मारा. ऐकू गेली नाही, तर आवाज कमी करा. दिवसा तर स्पीकरवरच वाजवू द्या.

आता वेळेबद्दल. शाळा, ट्यूशन, जेवण आटोपून रात्री साडेनऊला तासभर सराव, हे मला अजिबात पटत नाही. बोटांच्या हालचालींचा क्रम शिकल्यानंतर मेंदू तो झोपेत पक्का करतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे सरावासाठी झोप कापणं हा तोट्याचाच व्यवहार. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पंधरा-पंधरा मिनिटं दोनदा पुरतात. त्यातही अडलेले दोन-तीन बार आधी, संथ वाजवायला सांगा. पालकांना नोटेशन वाचता आलं पाहिजे असं नाही. शेजारी बसा, मोबाइल बाजूला ठेवा आणि शेवटी आवडती एखादी धून वाजवायला सांगा.

हे मला आधीच कळत होतं असा दावा नाही. माझी मुलगी पेटी शिकायची. मी घड्याळ लावून तासभर बसवायचो, मधे उठली की ओरडायचो. अकराव्या वर्षी तिने पेटी बंद केली ती कायमची. त्या पेटीवर आता इस्त्रीचे कपडे असतात.

परवा ती मायलेकीची जोडी पुन्हा आली. दोन आठवडे हाताला विश्रांती दिली होती, मनगट बरं होतं. आईने विचारलं, "डॉक्टर, परीक्षा तीन महिन्यांवर आलीय, काय करू?" मी म्हटलं, "पुढच्या वेळी देऊ द्या." ती काही बोलली नाही. मुलगी मात्र माझ्या टेबलाच्या काठावर बोटं वाजवत बसली होती, खांदे सैल सोडून.