यंदा एकही झाड लावू नका

हे लिहिल्यावर आमच्या बागप्रेमी मंडळाच्या पुढच्या सभेत मला चहा तरी विचारतील का, शंकाच आहे. पण गेली दोन-तीन वर्षं डोक्यात घोळतंय, तेव्हा एकदाचं लिहूनच टाकते.

जून संपत आला की मंडळाचा निरोप येतो. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला टेकडीवर वृक्षारोपण. दोनशे रोपं, मंडळातर्फे पांढरी टोपी, नंतर पोहे आणि चहा. मग बॅनर, बॅनरमागे आम्ही सगळे, एका रोपाला सात जणांचे हात आणि कॅमेऱ्याकडे बघणारे चौदा डोळे. रोपाकडे कोणीच बघत नाही. माझं म्हणणं असं की हा कार्यक्रम बंद करावा. कमी करावा, सुधारावा असं नाही, बंदच. निदान पाच वर्षं आमच्या मंडळाने (आणि पुण्यातल्या तशा तमाम मंडळांनी) टेकडीवर एकही नवं झाड लावू नये.

थांबा, लगेच चिडू नका. आधी पाण्याचा हिशोब करू.

आमची टेकडी म्हणजे वर वीतभर माती, खाली मुरूम आणि त्याखाली कातळ. पावसाळ्यात तिथे खोचलेल्या काठीलाही पालवी फुटते. खरी परीक्षा फेब्रुवारी ते मे. अगदी कंजुषीने धरलं तरी एका रोपाला आठवड्याला १० लिटर पाणी हवं. २०० रोपांना २००० लिटर. म्हणजे वीस लिटरचे १०० कॅन, दर आठवड्याला, तेही चढ चढून. असे सोळा-सतरा आठवडे. जुलैत पोह्यांना ऐंशी माणसं असतात. एप्रिलच्या रविवारी किती असतात? आमच्याकडे दोन. सत्तरीच्या एक काकू, दोन्ही हातांत तेलाचे पाच-पाच लिटरचे रिकामे कॅन भरून घेऊन जाणाऱ्या, आणि एक निवृत्त पोस्टमन काका. त्या दोघांच्या हातून जेवढी जगतात तेवढी जगतात. वार्षिक अहवालात मात्र 'दोनशे रोपे लावली' हे ठळक अक्षरांत असतं. जगली किती, हा रकानाच नाही. मागच्या सभेत मी तो रकाना घाला म्हटलं, तर 'ताई, नकारात्मक विचार नको' असं उत्तर मिळालं. आता मोजणं हा नकारात्मक विचार कसा, हे मला अजून कळलेलं नाही. काकूंचं नाव त्या अहवालात नव्हतं, ते वेगळंच.

बरं, हा आकड्यांचा सोस काही आमच्याच मंडळाचा नाही. कन्हैयालाल मुनशींनी केंद्रात मंत्री असताना १९५० साली वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून आपण दर पावसाळ्यात झाडं लावतोच आहोत. आपल्या राज्याने तर कमालच केली. २०१६ मध्ये दोन कोटींचं उद्दिष्ट, २०१७ मध्ये चार, २०१८ मध्ये तेरा आणि २०१९ मध्ये तेहेतीस कोटी! पुढे २०२१ साली त्याच कार्यक्रमाच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमली गेली. आकडा लावणीचा असला की भांडणही लावणीच्या आकड्यावरच होतं. झाड बिचारं दोन्हीकडे नाहीच.

पण पाणी हा माझा लहान मुद्दा आहे. समजा, उद्या कोणी दानशूराने टेकडीवर पाइपलाइन टाकून दिली आणि दोनशेच्या दोनशे रोपं जगली. तरी माझा विरोध आहेच. उलट जास्तच असेल.

कारण ती जागा रिकामी नाही. आपल्याला ती रिकामी वाटते, कारण गवत हे काहीतरी असतं हे आपण विसरलोय. ऑक्टोबरमध्ये जरा वाकून बघा. कुसळी असते (जिची कुसळं मोज्यात घुसून घरापर्यंत येतात), पवन्या असतो, मारवेल असते. चंडोल, माळटिटवी, धाविक हे पक्षी घरटं झाडावर करतच नाहीत, जमिनीवरच अंडी घालतात. त्यांना उघडा माळच लागतो. त्या माळावर आपण दर दहा फुटांवर खड्डा खणतो, वर मातीचा ढीग करतो, आणि याला पर्यावरणसेवा म्हणतो! इंदापूरकडे कडबनवाडीला जाऊन या एकदा. गवताळ माळ, त्यात चिंकारा, लांडगे. 'ओसाड' म्हणून तिथे गच्च झाडं लावली तर चिंकारा काय आपले आभार मानणार आहे?

आणि टेकडी 'हिरवी' करण्याचा प्रयोग पुण्यात एकदा होऊन गेलाय, त्याचं फळ रोज फिरायला जाणाऱ्यांच्या डोळ्यासमोर आहे. गिरिपुष्प, म्हणजेच उंदीरमारी. मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं झाड. भराभर वाढतं, फांदी खोचली तरी जगतं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून टेकड्यांवर भरमसाट लावलं. लावणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, उजाड टेकडी लवकर झाकायची होती. झाकली गेलीही. जानेवारी-फेब्रुवारीत गुलाबी फुलं येतात तेव्हा लोक फोटो काढतात, आणि दिसतंही छान, खोटं कशाला बोलू. पण त्या राईत आत शिरून बघा. एकाच जातीची खोडं, खाली काडीकचरा, गवत नाही, पक्ष्यांची चाहूल बेताचीच. तिथून शंभर पावलांवर मोकळ्या उतारावर मेडशिंगी, सालई, मोई, काळा कुडा, पळस हे कोणी न लावता उभे आहेत. त्यांना फक्त वणवा आणि कुऱ्हाड यांपासून राखलं की पुरतं.

(जाता जाता सांगते, मी देशी-विदेशी वादातली कट्टर बाई नाही. रस्त्याकडेचा पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेतला, गुलमोहर मादागास्करचा, आणि दोघांच्याही सावलीत मी बसची वाट बघत निम्मं आयुष्य काढलंय. रस्त्यावर जे सावली देईल ते माझं. टेकडीची गोष्ट वेगळी, तिथे आधीच कोणीतरी राहतंय.)

यावर ठरलेला युक्तिवाद येतो. 'निदान काहीतरी करतोय ना? लोक घरात बसून टीव्ही बघतात, आपण बाहेर तरी पडतो.' मला या 'निदान काहीतरी'चाच सगळ्यात जास्त राग येतो. माणसाची वर्षभराची सेवा करायची इच्छा त्या एका रविवारी दोन तासांत भागून जाते. टोपी घातली, फोटो काढला, मन हलकं झालं. मग फेब्रुवारीत गवत वाळल्यावर जाळरेषा काढायला माणसं मागा, कोणी मिळत नाही. 'आम्ही जुलैत येऊन गेलो की!' दुसरा युक्तिवाद मुलांचा. मुलांना निसर्गाची गोडी लागते म्हणे. अहो, मुलांना खड्ड्यापेक्षा खड्ड्यातल्या गांडुळाची गोडी जास्त असते, आणि नेमकं तेव्हाच आपण 'चला, इकडे फोटोला या' म्हणून ओरडतो.

मग मंडळाने करायचं काय? कामाला तोटा नाही, फक्त त्याचे फोटो चांगले येत नाहीत. आमच्याच पेठेत, आमच्याच दारातली मोठी झाडं घुसमटून मरताहेत. बुंध्याला अगदी चिकटून पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट, पाणी मुरायला बोटभर फट नाही. दिल्लीच्या बाबतीत हरित लवादाने २०१३ सालीच सांगितलं होतं की झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा. आपल्याकडे कोणी मनाई केलीये का? खोडात क्लासच्या जाहिरातींचे खिळे असतात. 'आंघोळीची गोळी' या संस्थेच्या पोरांनी २०१८ मध्ये खिळेमुक्त झाडांची मोहीम काढली, पकड आणि कटावणी घेऊन ती मुलं रस्तोरस्ती हिंडली. आमच्या मंडळात किमान तीस घरांत पकड असेल. आणि कायद्याचं म्हणाल, तर १९७५चा वृक्ष संरक्षणाचा कायदा आहे, २०२१ मधल्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणून जास्तीचं संरक्षणही दिलंय. झाड तोडायचं तर त्यावर नोटीस लावावी लागते आणि हरकती मागवाव्या लागतात. ती नोटीस वाचतो कोण? जास्वंदीवरचा मावा ओळखणारी, गच्चीवर वांगी पिकवणारी, पालापाचोळ्याचं खत करून कुंड्या भरणारी साठ-सत्तर जाणती माणसं आमच्याकडे आहेत. कुठलं झाड पोकळ झालंय आणि कुठलं उगाच 'धोकादायक' ठरवलंय, हे त्यांना नक्की कळेल. एवढी जाण असलेली माणसं आपण टोपी घालून रांगेत उभी करतो!

असो. रविवारच्या सभेत मी दोन ठराव मांडणार आहे. एक, यंदाचे रोपांचे आणि टोप्यांचे पैसे पाण्याच्या कॅनना आणि पोस्टमन काकांना हव्या असलेल्या एका बऱ्या हातगाडीला द्यावेत. लावलेली जी जिवंत आहेत, ती आधी जगवावीत. दोन, आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो जुना शिरीष आहे त्याच्या बुंध्याभोवतीचे ब्लॉक काढून आळं करून द्यावं, असा अर्ज मंडळाच्या नावाने द्यावा. अर्ज लिहून तयार आहे. किमान पंचवीस सह्या हव्यात, आतापर्यंत सहा झाल्यात, त्यातली एक काकूंची.