विमानाचे तास आणि घराचे तास

ज्या घरातील मुलगा वा मुलगी दुबईस नोकरीला आहे, त्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येते : "दुबई काय, तीन तासांवर तर आहे!" पांढुर्ण्याहून भोपाळला आगगाडीने जाण्यासही याहून अधिक वेळ लागतो, त्यामुळे हे वाक्य मनास मोठा धीर देते. परंतु हा धीर कितपत खरा, याचा हिशेब प्रत्येक घराने एकदा शांतपणे करून ठेवावा, असे आम्हांस वाटते.

मुंबई ते दुबई हे अंतर सुमारे १,९२५ किलोमीटर. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो जी वाट दाखवील तिची ही लांबी. विमान मात्र ठरलेल्या हवाई मार्गांनी जाते, चढण्या-उतरण्यात वेळ घेते, कधी आकाशातच उतरण्याची पाळी येईपर्यंत घिरट्या घालते. शिवाय उंचावरील वारे, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. म्हणून जाताना साधारण सव्वातीन तास लागत असतील, तर येताना तीन तास पुरतात.

घड्याळ मात्र उलटेच सांगते. दुबईची वेळ आपल्यामागे दीड तास. मुंबईहून सकाळी १० वाजता निघालेला प्रवासी तेथील पावणेबाराला उतरतो. दुबईहून १० वाजता निघालेला येथे दुपारी अडीचला. तिकिटावरील वेळांची नुसती वजाबाकी करणारा म्हणेल, जाताना पावणेदोन तास आणि येताना साडेचार! दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणल्याखेरीज ही वजाबाकी करू नये.

आता उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतचा हिशेब. दुबईतील घर सोडून विमानतळ गाठणे आणि तेथील तपासण्या, चार तास. विमान, तीन तास. मुंबईस पारपत्र, सामान आणि पुढील विमानाची वाट, चार तास. नागपूरपर्यंत दीड तास. सामान घेऊन पांढुर्णा गाठेपर्यंत आणखी अडीच तास. बेरीज पंधरा! सौंसरकरांचा यात अर्धापाऊण तास वाचेल, एवढेच. त्यातही तिकीट तत्काळ मिळाले आणि जोडविमान चुकले नाही, तरच.

थांबण्याचा वेळ हा प्रवासाचाच भाग असतो, हे नागपूरला नवे नाही. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि परतत. एकमेकांसाठी थांबणे त्यांच्या वेळापत्रकातच धरलेले होते. आपल्या घरच्या वेळापत्रकात ते धरलेले नसते.

म्हणूनच वडीलधाऱ्यांना आमची विनंती आहे. दुखणे गंभीर दिसू लागताच मुलांना कळवावे. "उगाच काळजी कशाला?" या मायेपोटी एक दिवस दडवून ठेवलेली बातमी पुढे कोणत्याही विमानाने भरून निघत नाही. परदेशातील मुलांनीही स्वतःचे पारपत्र आणि तातडीच्या तिकिटापुरते पैसे सदैव हाताशी ठेवावेत. आणि दुर्दैवाने अंत्यविधीसाठी कोणाची वाट पाहावयाची वेळ आलीच, तर जमलेल्या आप्तेष्टांना पंधरा तासांचा आकडा आधीच स्पष्ट सांगावा. "तीन तासांत येईल" असे सांगून जी माणसे दारात ताटकळतात, त्यांची कुजबुज शेवटी त्या धावत येणाऱ्या लेकरालाच ऐकावी लागते.