मदरबोर्ड भोरला जाणार आहे, हिंजवडीला नाही

दर दोन-चार महिन्यांनी ऑफिसात कोणीतरी गावाकडे पाठवायला कॉम्प्युटर बांधत असतो. धाकट्या भावाला इंजिनिअरिंगला ऍडमिशन मिळालेली असते, नाहीतर बहिणीला ऑटोकॅड शिकायचं असतं. मग दोन शनिवार यूट्यूबवर खर्ची पडतात आणि एक्सेल शीट तयार होते. प्रोसेसरचे किती कोअर, रॅमची फ्रिक्वेन्सी किती, ग्राफिक कार्ड कुठलं, सगळं त्यात असतं. मदरबोर्डची ओळ सगळ्यात शेवटी भरली जाते. ती भरायच्या पद्धती दोनच, उरलेल्या पैशांत बसेल तो, किंवा ज्याच्यावर जास्त दिवे लागतात तो!

त्या शीटमध्ये एक रकाना कधीच नसतो. हा डबा कुठल्या घरात जाणार आहे?

माझं म्हणणं सरळ आहे (आणि रिव्ह्यू बघून वाढलेल्या मित्रमंडळींना ते आवडणार नाही, माहितीये). "भरवशाचा मदरबोर्ड" नावाची वस्तू दुकानात मिळत नाही. दुकानात नुसता मदरबोर्ड मिळतो. त्याच्यावर भरवसा ठेवता येईल की नाही, हे पॉवर सप्लाय, भिंतीतली वायरिंग आणि सर्व्हिस सेंटरपर्यंतचा रस्ता हे तिघं मिळून ठरवतात. पुण्यात बसून भोरसाठी बोर्ड निवडताना आपण या तिघांनाही विचारत नाही.

आधी बोर्ड करतो काय ते बघू. पॉवर सप्लायकडून १२ व्होल्ट येतात आणि प्रोसेसरला लागतात जेमतेम सव्वा. हे काम सॉकेटच्या बाजूची व्हीआरएम नावाची फौज करते. ६५ वॅटचा प्रोसेसर १.२ व्होल्टवर चालतो म्हणजे करंट झाला ५४ अँपिअर. घरातला २००० वॅटचा गिझर ९ अँपिअरसुद्धा घेत नाही! गिझरच्या सहापट करंट, नखाएवढ्या भागांतून, रोज आठ-दहा तास. बोर्ड टिकणार की नाही याचा निम्मा निकाल इथे लागतो. खोक्यावरचा ड्रॅगन आणि "मिलिटरी ग्रेड" हे शब्द यातला एकही अँपिअर वाहून नेत नाहीत.

"मग मोठ्या कंपनीचा घ्यायचा ना राव!" घ्या की. पण मोठं नाव म्हणजे विमा नव्हे. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर जगभरातल्या बोर्डांवर फुगले, फुटले आणि गळले. त्यात स्वस्तातले बोर्ड होते, तसे नामांकितही होते. डेलच्या ऑप्टिप्लेक्स या खास ऑफिसांसाठी बनवलेल्या मशीनही त्यात सापडल्या आणि २००५ मध्ये कंपनीला त्यापायी ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. पुढे जानेवारी २०११ मध्ये इंटेलने स्वतःच्या नव्या ६ सिरीज चिपसेटची विक्री थांबवली, कारण त्यातले काही साटा पोर्ट काळानुसार बिघडू शकत होते. दुरुस्ती आणि बदलीचा अंदाज होता ७० कोटी डॉलर. चिपसेट बाजारात येऊन महिनाही झाला नव्हता! यातून घ्यायचा धडा साधा आहे. नवीन आलेला बोर्ड पहिल्या सहा महिन्यांत घेऊन गावाला पाठवू नये. प्रयोग ज्यांना परवडतात त्यांच्यावर होऊ द्यावेत.

अलीकडच्या गोष्टी तर जास्त बोलक्या आहेत. २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले. बोर्डांचे बायोस एसओसी व्होल्टेज जास्त देत होते. मग ते १.३ व्होल्टवर रोखणारे अपडेट आले. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे वरचे प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. मूळ दुखणं इंटेलच्या मायक्रोकोडचं होतं, पण अनेक बोर्ड मुळातच इंटेलच्या शिफारशीपेक्षा सैल पॉवर लिमिट लावून विकले जात होते, हेही त्यानिमित्ताने उघडं पडलं. का लावत होते? रिव्ह्यूच्या तक्त्यात दोन टक्के वर दिसावं म्हणून. आणि तो तक्ता बघून बोर्ड निवडतो कोण? आपण! आपणच टाळ्या वाजवतो आणि आपणच नंतर कंपनीच्या नावाने बोटं मोडतो.

असो. आता भोरला जाऊ.

रिव्ह्यू होतो एसी लावलेल्या खोलीत, चांगल्या अर्थिंगवर, हजारो रुपयांच्या पॉवर सप्लायवर. भोर तालुका सुरू होतो हायवेपासून आणि जातो थेट वरंधा घाटापर्यंत. पश्चिमेकडे हिरडस मावळात जुलै-ऑगस्टमध्ये दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, तिथे कॅबिनेट कोरडं कसं राहील? भाटघर धरणाच्या पायथ्याशी वीज तयार होते हे खरं, पण घरात पोचणारी वीज शेवटचे काही किलोमीटर तारेवरून, झाडांच्या फांद्यांना टाळत येते. वळवाच्या पावसात लाईट नुसती जात नाही. जाते, येते, परत जाते, आणि मग एकदाची येते. हे तीन झटके कुठल्या रिव्ह्यूत मोजलेले बघितलेत तुम्ही?

अर्थिंगची तर बातच सोडा. जुन्या घरांत थ्री-पिन सॉकेटमधलं वरचं भोक कित्येकदा शोभेचं असतं, मागे वायरच नसते. अशा घरात कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात आणि घरचे सांगतात, "थोडा करंट येतो त्याला, काही होत नाही." होतं! पॉवर सप्लायमधला फिल्टर अर्थ असेल या हिशोबाने बनवलेला असतो. अर्थ नसेल तर पत्रा साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. करंट थोडाच असतो म्हणून माणूस वाचतो, पण यूएसबी किंवा मॉनिटरची केबल लावताना तोच फरक बोर्डाच्या पोर्टांतून वाट काढू शकतो. महागडा स्पाइक गार्डसुद्धा अर्थशिवाय अर्धवटच काम करतो. इलेक्ट्रिशियन बोलवा, खड्डा, पाटी, मीठ-कोळसा जे काय करायचं ते करून घ्या आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घाला. दिव्यांच्या बोर्डासाठी जे तीन-चार हजार जास्त मोजणार होतात, ते इथे गाडा. अक्षरशः :-)

इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत असाल तर एक बटण तपासा. बऱ्याच इन्व्हर्टरला मागे "यूपीएस" आणि "नॉर्मल" असे दोन मोड असतात. चांगला पॉवर सप्लाय पूर्ण लोडवर साधारण १६-१७ मिलिसेकंद दम धरतो. नॉर्मल मोडमधल्या इन्व्हर्टरला वीज बदलायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. मग कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो आणि शिव्या मदरबोर्ड खातो. बायोस अपडेट चालू असताना हे झालं तर बोर्ड गेलाच समजा. म्हणूनच गावाकडे पाठवायच्या बोर्डवर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असणं हे दिव्यांपेक्षा शंभरपट मोलाचं. प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हवरून बायोस परत भरता येतो.

आता वॉरंटी. बोर्डवर साधारण तीन वर्षांची मिळते. कागदावर. पण भोरहून पुणे पन्नासेक किलोमीटर, वरंध्याच्या बाजूचं गाव असेल तर त्याहून कितीतरी जास्त. बोर्ड द्यायला एक हेलपाटा, आणायला दुसरा. मधले दिवस मशीन बंद, आणि ते दिवस बरोब्बर प्रोजेक्ट सबमिशनचे निघतात. शिवाय जळका डाग किंवा वाकलेली पिन दिसली की वॉरंटी संपली. इंटेलने २००४ मध्ये आणि एएमडीने एएम५ च्या वेळी २०२२ मध्ये पिना प्रोसेसरवरून काढून बोर्डाच्या सॉकेटवर आणल्या, त्यामुळे वाकलेल्या पिनेचं पाप आता बोर्डाच्या माथी. दुकानातच, सील उघडल्याबरोबर सॉकेटचा फोटो काढा आणि वरचं प्लॅस्टिकचं झाकण जपून ठेवा. दुकानदार हसेल. हसू दे.

दुसऱ्या टोकाचाही समाचार घेतला पाहिजे. दहा-बारा हजारांत "आय-फाइव्हचा नवीन सेट" म्हणून जे विकलं जातं, त्यात बऱ्याचदा २०११ सालच्या एच६१ चिपसेटचा बोर्ड असतो. खोकं नवं, आतला जीव जुना. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. शिकणाऱ्या पोराच्या हातात हे देऊन "स्वस्तात मस्त" म्हणणं म्हणजे त्याची फसवणूक आहे.

"मग लॅपटॉपच का नको?" रास्त प्रश्न. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, वर लिहिलेली अर्धी दुखणी तिथे नाहीतच. फक्त टायपिंग आणि ऑनलाइन क्लास असेल तर खुशाल लॅपटॉप घ्या. पण त्याचा बोर्ड गेला की बहुतेकदा सगळंच गेलं. डेस्कटॉपचा एकेक भाग गावातला हुशार पोरगा स्वतः बदलू शकतो, आणि बदलता बदलता शिकतो. हे शिक्षण मला कोअर आणि फ्रिक्वेन्सीपेक्षा मोठं वाटतं.

तर माझी शीट अशी. ६५ वॅटचा प्रोसेसर. त्याच्यासाठी "बी" वर्गातल्या चिपसेटचा, व्हीआरएमवर हीटसिंक असलेला, बाजारात वर्षभर मुरलेला, फ्लॅशबॅक असलेला बोर्ड. ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर पुण्यात आहे ती कंपनी. पॉवर सप्लाय ओळखीच्या कंपनीचा, कॅबिनेटबरोबर फुकट येणारा अजिबात नाही. ओव्हरक्लॉकिंग बंद. खांबावरून तांब्याची लॅन केबल येत असेल तर ती बोर्डात न खोचता राउटरपर्यंतच, पुढे वायफाय. पावसाळ्यात मशीन रोज अर्धा तास तरी चालू. आणि विजा कडाडायला लागल्या की सगळे प्लग बाहेर, मग बोर्ड पाच हजारांचा असो वा पन्नास हजारांचा.

यातलं काहीही बेंचमार्कमध्ये दिसणार नाही. पण पुढच्या शनिवारी यूट्यूब उघडायच्या आधी घरी एक फोन करा आणि विचारा, "आई, कॉम्प्युटर ठेवणार तिथल्या प्लगला अर्थिंग आहे का गं?" उत्तर आलं की मग बोर्डच्या किमती बघायला बसा.