काळाचा आरंभ सिद्ध झालेला नाही



सापेक्षतावादाने काळाचा आरंभ सिद्ध केला, हे आपल्या वृत्तपत्राच्या रविवारच्या लेखातले विधान चूक आहे. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व अतितप्त व अतिघन होते, एवढेच निरीक्षणे सांगतात. त्याहून मागे जाताना जिथे घनता अनंत होते, तिथे आइनस्टाइनची समीकरणेच निकामी ठरतात. मग त्यांच्याच आधारे काळाची जन्मवेळ कशी सांगणार?

त्याच लेखात खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकरांना सापेक्षतावादाचे विरोधक म्हणणे तर अन्यायच. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ हॉइल यांच्यासह १९६४मध्ये त्यांनी मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त असंख्य कणांच्या विश्वात आइनस्टाइनच्याच समीकरणांवर येतो. नारळीकरांचा आक्षेप विश्व महास्फोटातून सुरू झाले या मताला होता. त्यांचे विश्वाचे पर्यायी प्रारूप बहुतेक शास्त्रज्ञांनी स्वीकारले नाही, हे खरे. पण आरंभाचा प्रश्न आजही खुला आहे.

दुरुस्ती छापावी.

— एक विज्ञानशिक्षक, बडनेरा