धावपट्टीजवळचा उकिरडा

२७ जून २०१९ रोजी अंबाला हवाई तळावरून उडालेल्या जॅग्वार विमानाला पक्ष्यांची धडक बसली आणि एक इंजिन बंद पडले. वैमानिकाने जादा इंधनाच्या टाक्या व सरावाचे बॉम्ब खाली सोडून दिले आणि दुसऱ्या इंजिनावर विमान उतरवले. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला गोव्यात नौदलाचे मिग-२९के पक्ष्याच्या धडकेनंतर कोसळले. दोन्ही वैमानिक बाहेर पडले म्हणून वाचले.

एवढासा पक्षी विमान कसे पाडतो? वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. ताशी ८०० किलोमीटर वेगाच्या विमानाला एक किलोची घार धडकली, तर ती ऊर्जा १०० किलोचे पोते आठव्या मजल्यावरून पडावे एवढी असते. तेजससारख्या एकाच इंजिनाच्या विमानाला तर दुसरा आधारही नसतो.

वैमानिक आसनासकट बाहेर फेकला गेला की बातमीत ‘सुखरूप’ असे छापून येते. पण त्या क्षणी शरीरावर वजनाच्या सुमारे १२ ते २० पट भार येतो. पाठ आणि कंबर जुळते तिथला मणका दबून मोडणे ही अशा वेळची नेहमीची इजा आहे. ती भरून यायला महिने लागतात.

घारी धावपट्टीजवळ येतात त्या खाण्यासाठी. राफेल अंबाल्यात आल्यावर, २०२० मध्ये, हवाई दलाने हरियाणा सरकारला तळाभोवतीचा कचरा हटवण्याविषयी पत्र लिहिले होते. वास्तविक विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरे कापण्यास व कचरा टाकण्यास १९३७ च्या विमान नियमांनीच मनाई केली आहे. लोहगाव आणि दाबोळीला लढाऊ व प्रवासी विमाने एकाच धावपट्टीवरून उडतात, हे महाराष्ट्र आणि गोव्याने लक्षात ठेवायला हवे.

ज्या ढिगावर घार उतरते, त्याच ढिगावर माश्या, उंदीर आणि भटकी कुत्री पोसली जातात. त्यातून होणारे जुलाब, लेप्टो आणि कुत्र्यांचे चावे सरकारी रुग्णालयाच्या रांगेत येतात. म्हणून हा प्रश्न एकट्या हवाई दलाचा नाही. मांस-मासळीचा कचरा झाकलेल्या पिंपात ठेवणे आणि पालिकेने तो रोज, उन्हे वर येऊन घारी घिरट्या घालू लागण्याआधी उचलणे, एवढे तरी तळाभोवतीच्या वस्त्यांत व्हायलाच हवे. त्याने वैमानिकाचा मणका वाचेल आणि वस्तीतल्या मुलांचे पोटही.