गप्पी

गप्पी माशाचा आणि आपल्या गप्पांचा काडीइतकाही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. मराठीच्या प्राध्यापकाकडून लोक असल्या व्युत्पत्तीची फार अपेक्षा करतात! हे नाव त्रिनिदाद बेटावरच्या रॉबर्ट जॉन लेचमीअर गप्पी नावाच्या गृहस्थांचे. त्यांनी धाडलेल्या माशांना ब्रिटिश म्यूझियमच्या गुंथरने १८६६ साली, नवी जात समजून, गप्पींचे नाव दिले. वास्तविक बर्लिनच्या पेटर्सने १८५९ सालीच या माशाचे बारसे उरकले होते. शास्त्रात पेटर्सचे नाव राहिले; लोकांच्या तोंडी मात्र गप्पीच.

नर जेमतेम इंचभर आणि मोठा रंगेल. मादी त्याच्या दुप्पट, पण करडी. ती अंडी घालीत नाही. तीनचार आठवडे पोटात वाढवून एकदम पोहती पिले जन्माला घालते. एकदा नराशी संग झाला, की पुढे कित्येक महिने तिला नराची गरज नाही. म्हणजे एकटी मादीसुद्धा तळे भरून टाकील!

त्रिनिदादच्या डोंगरी ओढ्यांत गंमत आहे. धबधब्याखाली मोठे शिकारी मासे, म्हणून तिथले नर फिके. वर ते भय नाही, म्हणून वरचे नर भडक. एंडलर या शास्त्रज्ञाने १९७६ साली खालचे गप्पी वरच्या एका ओढ्यात नेऊन सोडले. दोन वर्षांत त्यांच्या वंशजांचे रंग खुलले. उत्क्रांतीला लाखो वर्षेच लागतात, असे नाही.

आपल्याकडे हा पाहुणा आला तो डासांसाठी. त्याचे तोंड वर वळलेले, त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावरच्या अळ्या तो नेमक्या टिपतो. हौदात, बंद विहिरीत त्याने खुशाल राहावे. पण ओढ्यातळ्यांत त्याला सोडणे मला साफ नामंजूर आहे. घाण पाणी त्याला सोसते, आणि स्वतःची पिले खाणारा हा प्राणी शेजाऱ्यांची काय सोडणार? शिवाय तिथे आपला देशी मासा आहेच. कोकणातल्या भातखाचरांत वाकून पाहा: डोक्यावर चांदीच्या टिकलीसारखा चकाकता ठिपका मिरवीत तो अगदी वरच्या थरात तरंगत असतो. अळ्या खाण्यात तोही वाकबगार. पण अंडी पाणवनस्पतींना चिकटवतो, म्हणून त्याची वाढ बेताची.

तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत हौद उपसाल, तर गप्पी गटारात ओतू नका. बादलीत काढून ठेवा आणि हौद घासून झाला की परत सोडा. मात्र नळाचे ताजे पाणी आधी दिवसभर उघडे राहू द्या. त्यातले क्लोरीन त्यांना मानवत नाही.