सापाचीच बाजू घेणारे उपदेश

गेल्या वर्षी आमच्या मंडळीत तरुणांचं तीन दिवसांचं शिबिर झालं. विषय होता मोह. वक्त्यांनी उत्पत्तीचा तिसरा अध्याय उघडला आणि तासभर आम्हाला घाबरवलं. हव्वेने ऐकलं नाही म्हणून माणूस बागेबाहेर गेला, तुम्ही मोबाइलवर रात्री काय करता ते देव बघतो, सगळ्याची नोंद होते, वगैरे.

मी मागच्या बाकावर होतो. खिशात मोबाइल थरथरत होता. क्रिकेटवरच्या ऑनलाइन सट्ट्यात मी 3 लाख 40 हजार रुपये घालवले होते, आणि कर्ज देणाऱ्या दोन ॲपचे वसुलीचे मेसेज येत होते. घरी कुणालाच माहीत नव्हतं. त्या उपदेशानंतर मी सट्टा थांबवला का? नाही. घरी सांगण्याचा विचार तेवढा सोडून दिला.

म्हणून हे लिहितोय. भीतीने मोह थांबत नाही, कबुली थांबते. आणि भीतीचा हा उपदेश ज्या अध्यायावर उभा केला जातो, तो अध्याय तसं काही सांगतच नाही.

नीट वाचून बघा. देवाने बागेतल्या सगळ्या झाडांची फळं खायला मोकळीक दिली होती, फक्त एक झाड सोडून. साप काय विचारतो? देवाने कुठल्याच झाडाचं फळ खायला मना केलंय का, असं. म्हणजे त्याचा पहिला डाव फळाचा नाहीच. देव कंजूष आहे, हे मनात भरवण्याचा आहे. उत्तर देताना हव्वा आज्ञेत आणखी एक अट घालते, की फळाला हातही लावायचा नाही. मूळ आज्ञेत ही अट नाही. देव होता त्याहून कडक वाटायला लागला, आणि तिथून घसरण सुरू झाली. मग जो वक्ता देवाला सीसीटीव्ही करून टाकतो, तो नक्की कुणाचं काम करतो?

दुसरी गोष्ट हव्वेची. हव्वा फळ खाते तेव्हा आदाम तिच्यासोबतच असतो, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. पुढे तो तिच्याकडे बोट दाखवतो, आणि तू दिलेल्या बाईने दिलं म्हणून देवालाही त्यात ओढतो. बाईवर ढकलणं हा त्या कथेतला निष्कर्ष नाही, आदामाची पळवाट आहे. आपण तीच पळवाट व्यासपीठावरून शिकवतो.

आणि देव? मी नोकरीत दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचतो. लॉग चूक नोंदवतो, चुकलेल्याला शोधायला निघत नाही. इथे देव निघतो. झाडांमागे लपलेल्या माणसाला तो आधी विचारतो की तो कुठे आहे. शिक्षा होतेच: घाम, वेदना, बागेबाहेरचं आयुष्य. पण क्रम बघा. त्यांनी अंजिराची पानं शिवून अंग झाकलेलं असतं, देव त्यांना चामड्याचे अंगरखे करून घालतो. हे 21व्या वचनात आहे. बाहेर काढणं 23व्या वचनात. शिबिरात आम्ही 21वं वचन वाचलंच नाही.

"कृपेचं इतकं सांगितलं तर पोरं बिघडतील," असं मोठी माणसं म्हणतात. हा आक्षेप जुना आहे. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, हा प्रश्न पौलाने रोमकरांस पत्रात स्वतःच मांडून ठाम नकार दिलाय. पण त्या भीतीने त्याने कृपा सांगायची थांबवली नाही. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी दौंडजवळच्या केडगावला, समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी घर काढलं. त्याचं नाव कृपासदन ठेवलं, सुधारगृह नाही.

माझं पुढे काय झालं? शिबिरानंतर दोन महिन्यांनी मी रविवारची उपासना आणि घरचे फोन, दोन्ही टाळायला लागलो. एका रात्री पप्पांचा मेसेज आला: "कुठे आहेस बाळा? आवाज ऐकून आठ दिवस झाले." मी फोन केला आणि सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "उद्या घरी ये. वही घेऊन बसू."

बसलो. त्यांनी एका ॲपचं कर्ज त्यांच्या ठेवीतून फेडलं. दुसऱ्याचे हप्ते मीच भरतोय, अजून 14 बाकी आहेत. पगाराचं खातं मम्मीला दिसतं. हे सुखाचं नाही, पण मी लपलेलो नाही.

पुढच्या शिबिरात मोहावर बोलणार असाल तर जरूर बोला. मागच्या बाकावर माझ्यासारखं कुणीतरी नक्की असेल. त्याच्यासाठी 21व्या वचनापर्यंत तरी वाचा.